मु. पो. टुरगाऊ

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. जर्मनीतल्या पांढऱ्या द्राक्षांची बारशी ज्यांनी केली, त्यांनी तो अनुस्वार सढळ हाताने वापरायची सोय करून ठेवली आहे. एकेका वेलीला जन्माचा नंबर, बारशाचं नाव, सरकारी नाव आणि शेजारच्या देशातलं नाव. आणि त्यांतलं निदान एक तरी धडधडीत चुकीचं. वाइन करणाऱ्यांना याचं काही वाटत नाही. पिणाऱ्यांना तर तिसऱ्या पेल्यानंतर स्वतःचं नावही फारसं लागत नाही. उरतो आपल्यासारखा रिकामटेकडा, जो बाटली बाजूला ठेवून लेबल वाचत बसतो.

म्युलर-टुरगाऊ हे एका द्राक्षाचं नाव आहे. हे सांगितल्याशिवाय कळत नाही आणि सांगितल्यावर पटत नाही. जिन्याखाली पितळी पाटी लावून बसलेल्या वकिलांच्या जोडीचं ते नाव वाटतं. म्युलर म्हणजे गिरणीवाला, दळण दळून देणारा. जर्मनीत सगळ्यांत जास्त माणसांचं आडनाव हेच, आणि स्वित्झर्लंडातही हेच. हेर्मान म्युलर यांचा जन्म 1850 सालचा, स्वित्झर्लंडच्या टुरगाऊ प्रांतातल्या टेगरविलेन गावचा. वनस्पतिशास्त्र शिकायला ते जर्मनीत गेले आणि तिथे पाहतात तो आपल्याच नावाचा, आपल्याच विषयातला माणूस आधीच प्रसिद्ध होऊन बसलेला. लिपश्टाट गावच्या या दुसऱ्या हेर्मान म्युलरांचं, कीटक फुलांचं परागीभवन कसं करतात यावरचं पुस्तक 1873 साली निघालं होतं. आपल्या कचेरीत तीन कुलकर्णी झाले की शिपाईसुद्धा ‘मिरजेचे साहेब’ असं म्हणू लागतो. तिथेही तेच झालं. हे म्युलर-टुरगाऊ, ते म्युलर-लिपश्टाट. फक्त जर्मनांनी मध्ये आडवी रेघ मारून मिरजेच्या साहेबांना शास्त्रीय प्रतिष्ठा दिली.

जर्मन ‘गाऊ’ म्हणजे मुलूख, परगणा. आपल्या ‘गाव’शी त्याचं नातं लावायला भाषाशास्त्रज्ञ परवानगी देत नाहीत. मी मनातल्या मनात या गृहस्थांना म्युलर टुरगावकर म्हणतो आणि भाषाशास्त्रज्ञांना सांगत नाही.

तर हे टुरगावकर ऱ्हाइनकाठच्या गायझेनहाइम इथल्या प्रशियन सरकारी संस्थेत वनस्पतींच्या शरीरशास्त्राचा विभाग सांभाळत होते. तिथे 1882 साली त्यांनी एक लग्न लावलं. रीसलिंग म्हणजे तिथलं उच्चकुलीन द्राक्ष. सुगंध, आंबटपणा, सगळं घराण्याला शोभेलसं, पण पिकायला फार उशीर. थंडी लवकर आली की मालक रडकुंडीला. सिल्वानर त्या मानाने लवकर पिकणारं, भरपूर देणारं, कुरकुर न करणारं. एकाचा गुण दुसऱ्याच्या वेळापत्रकात बसवायचा, ही कल्पना. अशा कल्पनेपायी आपल्याकडेही बरीच लग्नं झालेली आहेत.

द्राक्षाच्या फुलात नर-मादी दोन्ही अवयव एकत्रच असतात, त्यामुळे वेलीला लग्नाची गरज नसते. शास्त्रज्ञाला असते. तो फूल उमलण्याआधी चिमट्याने त्याची टोपी उडवतो, पुंकेसर खुडतो, घडावर पिशवी बांधतो आणि मुहूर्त साधून दुसऱ्या वेलीचे पराग कुंचल्याने आणून लावतो. घड पिकला की बिया काढून पेरायच्या. एका घडातल्या दोन बियांची रोपं एकमेकांसारखी निघत नाहीत, म्हणून प्रत्येक रोपाला नंबर द्यायचा. जे आवडेल त्याच्या काड्या लावायच्या, की झाला नवा वाण. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला यात नवीन काही नाही. नवीन वाटेल तो वहीवरचा विश्वास. वहीत आई-बापांची नावं एकदा लिहिली की तेच आई-बाप. कुंचला आधी कुठे फिरून आला, पिशवीच्या गाठीतून काय शिरलं, बियांची पाकिटं टेबलावर कशी सरकली, याला वहीत रकाना नसतो.

वहीत लिहिलं गेलं: रीसलिंग आणि सिल्वानर.

1891 साली म्युलर मायदेशी, झ्युरिख सरोवराकाठच्या वेडन्सविलच्या प्रयोगकेंद्रावर गेले. गायझेनहाइमच्या रोपांच्या काड्या पाठोपाठ आल्या. त्यांतलं 58 नंबरचं रोप त्यांचे सहकारी हाइनरिख शेलेनबेर्ग यांच्या नजरेत भरलं आणि त्यांनी ते वाढवलं. 1913 साली बव्हेरियातले द्राक्षशेतीचे सरकारी अधिकारी आउगुस्ट डेर्न यांनी त्याची रोपं परत जर्मनीत नेली आणि निर्मात्याच्या सन्मानार्थ त्याला म्युलर-टुरगाऊ हे नाव दिलं. म्हणजे पाहा. वेल जन्मली ऱ्हाइनकाठी, वाढली झ्युरिखकाठी, बारसं झालं बव्हेरियन साहेबाच्या हातून, आणि नावात गाव कुठलं, तर टुरगाऊ, जिथे यांपैकी काहीच घडलं नाही. बरं, गिरणीवाल्यांच्या गर्दीत माणूस ओळखू यावा म्हणून ज्यांनी ते गाव आडनावाला जोडलं, त्यांना आता कोण ओळखतं? जर्मनीतल्या वाण्याकडे म्युलर-टुरगाऊ मागितलं तर तो बाटलीच काढून देतो.

खप मात्र असा झाला की विचारू नका. हे द्राक्ष सप्टेंबरातच पिकतं, रीसलिंग जिथे नाक मुरडतं तिथे बिनतक्रार उगवतं आणि घड देताना हात आखडत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीला असंच कुणीतरी हवं होतं. 1970 च्या दशकात देशात सगळ्यांत जास्त लागवड याची होती. लीबफ्राउमिल्ख नावाची गोडसर वाइन त्या काळी इंग्लंड-अमेरिकेत पाण्यासारखी वाहिली (चवही जाणकारांच्या मते पाण्याच्या जवळ जाणारी), तिच्यात मोठा वाटा याचाच. लीबफ्राउमिल्ख म्हणजे ‘माउलीचं दूध’. माउली म्हणजे मेरी. वोर्म्स गावात मेरीचं चर्च आहे, त्याच्या आवारातल्या मळ्यावरून हे नाव पडलं. चर्चलगतचा मळा केवढा आणि जगभर गेलेलं दूध केवढं, हा हिशेब आपल्याकडच्या दूधवाल्यांनाही जमला नसता.

पुढे लोकांना या गोडाचा वीट आला, तसा म्युलर-टुरगाऊ या नावाचाही आला. मग कोरड्या, नव्या धाटणीच्या बाटल्यांवर ‘रिवानर’ झळकू लागलं. रीसलिंगचं ‘रि’, सिल्वानरचं ‘वानर’. मराठी वाचकाने इथे हसू आवरावं, जर्मनांना त्यातलं वानर दिसत नाही. लक्झेंबर्गमध्येही हेच नाव. हंगेरीत ‘रिझलिंगसिल्वानी’. स्लोव्हेनियात ‘रिझ्वानेत्स’. स्वित्झर्लंडात तर सरळसोट ‘रीसलिंग-सिल्वानर’. आई-बापांची नावं पाळण्याच्या दोन्ही बाजूंना लिहून ठेवलेली, की पुढे कुणाला शंका नको.

शंका होती. कुजबुजत का होईना, बरीच जुनी. संशोधक मंडळी रीसलिंग आणि सिल्वानर यांचा संकर पुन्हा पुन्हा करून पाहत आणि दर वेळी निघणारी रोपं म्युलर-टुरगाऊच्या वळणावर जात नसत. 1990 च्या दशकात डीएनए चाचण्या आल्या आणि कुजबुज प्रयोगशाळेत पोचली. रीसलिंग बरोबर निघालं. सिल्वानर निघालंच नाही. शास्त्रज्ञांनी आधी एका भलत्याच फ्रेंच द्राक्षाकडे बोट दाखवलं, मग 2000 च्या सुमारास दुरुस्ती होऊन खरं नाव बाहेर आलं: मादलेन रोयाल. एक फ्रेंच बाई, तीही राजेशाही. मादलेन हे नाव लवकर पिकणाऱ्या द्राक्षांना देतात, कारण सेंट मेरी मॅग्डलीनचा सण 22 जुलैला येतो. त्यातही मादलेन रोयाल हे वाइनचं द्राक्षच नव्हे, ते ताटात घेऊन खायचं द्राक्ष. ते सप्टेंबरातलं पिकणं, ज्याचं श्रेय शंभर वर्षं सिल्वानर मुकाट्याने घेत होता, ते या बाईंचं.

सिल्वानरबद्दल मला फार वाईट वाटतं. वाइनच्या जगात इतकं सज्जन द्राक्ष दुसरं नसेल. फ्रांकोनिया हे त्याचं जर्मनीतलं घर. तिथल्या कास्टेल गावात 1659 साली त्याची लागवड झाल्याची नोंद आहे. तेव्हा त्याचं नाव ‘ऑस्ट्रियावाला’ असं होतं, आणि गंमत म्हणजे ते खरं होतं. सिल्वानर या नावावरून मात्र विद्वानांनी त्याला ट्रान्सिल्वेनियापर्यंत नेऊन ड्रॅक्युलाच्या शेजारी बसवलं. डीएनएने सांगितलं की तो ऑस्ट्रियाचाच. म्हणजे साध्या लोकांनी ठेवलेलं नाव बरोबर होतं आणि शिकलेल्यांनी लावलेला अर्थ चुकला. फ्रांकोनियात वसंतात शतावरीचे पांढरे कोंब ताटात आले की त्यांच्याबरोबर सिल्वानर घेतात. ती वाइन भरतात बोक्सबॉयटल नावाच्या चपट्या, पोट सुटलेल्या बाटलीत. हे नाव बोकडाच्या ज्या अवयवावरून पडलं असं म्हणतात, त्याचा उल्लेख संपादक छापणार नाहीत, तेव्हा वाचकांनी बाटलीचा आकार आठवून समजून घ्यावं.

अशा सज्जनावर दुसरा आळही यायचा होता. ऱ्हाइनहेसन प्रांतातल्या आल्त्साय गावच्या संशोधन केंद्राचे प्रमुख गेओर्ग शॉय. त्यांनी 1916 साली एक संकर केला आणि वहीत लिहिलं: सिल्वानर आणि रीसलिंग. रोपाचा नंबर 88. त्या काळी जर्मन द्राक्षशास्त्रज्ञांना दुसरं स्थळ सुचतच नसावं. ‘रोप नंबर 88’ हेच या वाणाचं पहिलं नाव, आणि ऑस्ट्रियात ते आजही त्याच नावाने विकलं जातं. दुकानात जाऊन ‘रोप नंबर 88 द्या’ म्हणायचं. नाव ठेवायचा इतका कंटाळा मला मनापासून आवडतो, कारण पुढे जे झालं ते पाहता तीच अवस्था बरी होती.

नाझी आमदानीत या रोपाला ‘डॉ. वाग्नर वेल’ असं नाव मिळालं. ऑपेरावाला रिखार्ड वाग्नर नव्हे. त्याच्याच नावाचा, नाझींच्या शेतकरी संघटनेतला एक प्रांतिक पुढारी. पदरी द्राक्षाचा मणीही न पिकवता वेलीवर नाव लागलं, यात आपल्या वाचकाला धक्का बसण्यासारखं काही नाही. आपल्याकडे तर पाणपोयांवरही लागतं. 1945 नंतर वाग्नर उतरले आणि ज्याने कष्ट केले त्याचं नाव चढलं: शॉयरेबे, म्हणजे शॉयची वेल.

पण जर्मन भाषेत ‘शॉय’ म्हणजे लाजरा. त्यामुळे शॉयरेबे म्हणजे सरळ वाचलं तर लाजाळूची वेल. आपल्या बांधावरचं लाजाळू निदान हात लावल्यावर मिटतं तरी. ही बया बूच काढल्याबरोबर अख्ख्या खोलीत द्राक्षफळाचा म्हणजे ग्रेपफ्रूटचा आणि काळ्या करवंदासारख्या बेरीचा वास पसरवते. लाज नावालाच.

आता वाचकांनी ओळखलंच असेल. 2012 साली शॉयरेबेचीही डीएनए चाचणी झाली. रीसलिंग बरोबर. सिल्वानर पुन्हा नाही. दुसरी बाजू निघाली ‘बुकेटट्राउबे’, म्हणजे सुगंधी द्राक्ष.

मग रीसलिंग आणि सिल्वानर यांचं खरंखुरं अपत्य आहे तरी कुठे? आहे. 1921 साली आउगुस्ट त्सीग्लर यांनी फ्रांकोनियातच केलेला संकर. नाव ‘रीसलानर’. रीसलिंगचं ‘रीसल’, सिल्वानरचं ‘आनर’ (वानर इथे वाचलं). याच्या आई-बापांबद्दल कुणाला शंका नाही. पण मंडळींनी आधी त्याला ‘माइनरीसलिंग’, म्हणजे माइन नदीचं रीसलिंग, असं म्हणून पाहिलं, आणि आज जर्मनीतही ते थोडक्या मळ्यांत सापडतं. रिवानर हे नाव देशोदेशी मिरवतं आणि खोटं आहे. रीसलानर हे नाव खरं आहे आणि फारसं कुणाला ठाऊक नाही.

रीसलिंगचं काय, असं कुणी विचारेल. सगळ्या भानगडीत ते हजर असतं आणि बदनामी कधी होत नाही, घरंदाजपणा म्हणतात तो हाच. त्याच्या नावाचा अर्थही कुणाला छातीठोकपणे सांगता आलेला नाही. कागदोपत्री ते पहिल्यांदा दिसतं 13 मार्च 1435 रोजी, रुसेल्सहाइमच्या गढीच्या जमाखर्चात. रीसलिंगच्या रोपांसाठी 22 शिलिंग. हा खर्च करणारा सरदार होता कात्सेनएल्नबोगनचा काउंट योहान चौथा. कात्सेनएल्नबोगन या गावाच्या नावाची अक्षरं लावली तर ‘मांजराचं कोपर’ असं निघतं. मांजराला कोपर असतं याची नोंद घेणारा देश द्राक्षाच्या बापाची नोंद चुकवतो, हे मला अजून उमगलेलं नाही. शिवाय रीसलिंगच्याही आई-बापांपैकी एक निघालं ‘हॉयनिश’ नावाचं द्राक्ष. मध्ययुगात हलक्या प्रतीच्या, गावंढळ द्राक्षांना ज्या नावाने हिणवत, तेच त्याचं नाव. एवढी चौकशी केल्यावर मात्र रीसलिंगच्या घराण्याबद्दल लोक गप्प बसतात.

खरा गुन्हेगार अजून पडद्याआड आहे. मादलेन रोयालचे आई-बाप तपासले, तेव्हा एक निघालं पिनो आणि दुसरं ट्रोलिंगर. शॉयरेबेच्या बुकेटट्राउबेचे तपासले, तेव्हा एक निघालं सिल्वानर आणि दुसरं पुन्हा ट्रोलिंगर. म्हणजे शॉयरेबेचा बाप नव्हे, पण आजोबा म्हणून सिल्वानर लागतोच, आणि दोन्ही घरांत मागच्या दाराने आलेला आजोबा तो ट्रोलिंगर. हे काळं द्राक्ष, भल्यामोठ्या मण्यांचं. नाव ‘तिरोल’वरून आलं असं मानतात, तिरोलचा तो ट्रोलिंगर. जर्मनीत त्याचं बस्तान व्युर्टेम्बेर्ग भागात. तिथले लोक त्याची फिकट लाल वाइन कान असलेल्या पाव लिटरच्या पेल्यातून पितात आणि इतकी पितात की बाहेरच्यांना चाखायला फारशी उरत नाही. बाहेरचेही फारसा आग्रह धरत नाहीत. अशा द्राक्षाने जर्मनीतल्या नामांकित पांढऱ्या घराण्यांत इतका वावर ठेवला होता, हे गावात कुणाला माहीत नव्हतं.

एका ठिकाणी मात्र त्याला उघडपणे पुढच्या दाराने घेतलं गेलं. त्याच भागातल्या वाइन्सबेर्गला आउगुस्ट हेरोल्ड यांनी 1929 साली ट्रोलिंगर आणि रीसलिंग यांचा संकर केला. वहीत तसंच लिहिलं आणि डीएनएनेही तसंच सांगितलं; या कहाणीत ही नवलाईच. काळ्याच्या पोटी पांढरं द्राक्ष आलं, कारण ट्रोलिंगरच्या जनुकांत पांढरा रंग लपून बसलेला होता. त्याचं नाव ठेवलं ‘केर्नर’, वाइन्सबेर्गचे डॉक्टर आणि कवी युस्टिनुस केर्नर (1786–1862) यांच्यावरून. त्यांनी मद्यगीतं लिहिली होती, त्यांच्या कविता शूमानने संगीतात बांधल्या, म्हणून हा मान. पण डॉक्टर म्हणून त्यांची कीर्ती निराळीच. बिघडलेलं सॉसेज खाऊन माणसं का मरतात याचा त्यांनी छडा लावायला घेतला, 1820 आणि 1822 साली त्यावर पुस्तकं लिहिली आणि ते विष थोडं स्वतःही चाखून पाहिलं. हे विष बेताने दिलं तर औषध होईल, असंही त्यांनी सुचवलं होतं. तेच आज कपाळावरच्या सुरकुत्या घालवायला सुईने टोचून घेतात. फावल्या वेळात डॉक्टरसाहेब भुताखेतांचा अभ्यास करत. सॉसेजचं विष, अंगात येणाऱ्या बाया आणि द्राक्षासव, हे सगळं एका माणसात मावत असेल, तर नावासाठी वेल छोटीच पडली म्हणायची.

याच वाइन्सबेर्गची एक दंतकथा आहे. 1140 साली राजा कोन्राड तिसरा याने गढी जिंकली आणि बायकांना सांगितलं, खांद्यावर मावेल तेवढं घेऊन निघून जा. बायका आपापल्या नवऱ्यांना पाठुंगळी मारून बाहेर पडल्या. राजाला शब्द पाळावा लागला. त्या पडक्या गढीची डागडुजी व्हावी म्हणून धडपडणाऱ्यांत केर्नरही होते. रीसलिंगने ट्रोलिंगरला असंच पाठीवर घेतलं, असं एखाद्या जर्मनाला सुचलं असेलही. पण त्यांच्या नावांवरून तसा संशय येत नाही.

ट्रोलिंगर इंग्लंडातही पोचलं. तिथे त्याचं नाव ‘ब्लॅक हँबुर्ग’. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात 1768 साली लावलेली त्याची एक वेल अजून फळते आहे. हँबुर्ग हे बंदर. तिथे द्राक्षांच्या पेट्या चढतात-उतरतात, मळे शोधायला जाऊ नये. मग या ट्रोलिंगरचा संबंध मस्कत द्राक्षाशी आला आणि ‘मस्कत हँबुर्ग’ जन्मलं. काळसर, बियांचं, गुलाबासारख्या वासाचं. ते हिंदुस्थानात येऊन दक्षिणेत इतकं रुजलं की ‘गुलाबी’ याच नावाने लोक त्याला ओळखू लागले. तमिळनाडूत त्याला ‘पन्नीर’ द्राक्ष म्हणतात. पन्नीर म्हणजे गुलाबपाणी, हे तिथल्या गाडीवाल्याकडे पालकाबरोबर खायला मागणाऱ्या मराठी प्रवाशाने लक्षात ठेवावं. तिरोलच्या म्हाताऱ्याच्या या पोराला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं. सरकारी दप्तरात आता त्याचं मूळ गाव नोंदलेलं आहे: कंबम, जिल्हा थेनी.